रविवारचा फ्रेंच टोस्ट शनिवारी रात्री सुरू होतो

शनिवारी रात्री जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की मी ब्रेडचे सहा स्लाइस काढतो आणि केक गार करायच्या जाळीवर एकेक सुटा मांडून ठेवतो, वर एक पातळ सुती फडकं. सुरुवातीला काय व्हायचं, आई रात्री पाणी प्यायला उठली की ते सगळे स्लाइस गोळा करून परत पिशवीत भरायची आणि वर रबर लावून ठेवायची. सकाळी विचारलं की म्हणायची, "अरे उघडाच राहिला होता ब्रेड, वातड झाला असता." आता तिचं बरोबरच आहे, आपल्या घरात अन्न उघडं टाकून झोपायची पद्धत नाही, पण मला तो वातडच हवा असायचा आणि हे तिला पटवायला मला चांगले तीनचार रविवार लागले.

फ्रेंच टोस्टबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण ओळखीपाळखीत कुणालाही विचारा, "करतो की आम्ही, अंड्यात ब्रेड बुडवून तळायचा" असं उत्तर येतं आणि खाल्ला की लक्षात येतं की बाहेरून आम्लेट आणि आतून कोरडा ब्रेड, किंवा बाहेरून काळा आणि मधे गिचका. दोन्ही प्रकार मी भरपूर खाल्लेत, केलेतही. आणि दोन्हीचं कारण एकच, ब्रेड ताजा होता.

पण आधी बाबांचं सांगतो.

आम्ही तेव्हा कल्याणला चाळीत राहायचो. आईच्या स्वयंपाकघरात अंडं चालायचं नाही, आणि बाबांना अंडं फार आवडायचं. मग त्यावर दोघांनी काढलेला तोडगा म्हणजे रविवारी सकाळी गॅलरीत रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर अंड्यासाठीची वेगळी लोखंडी तवी, वेगळी ताटली, वेगळा चमचा, आणि हे सगळं बाबा स्वतः घासून गॅलरीतल्याच फळीवर ठेवणार. खालच्या बेकरीतून कागदात गुंडाळलेला ताजा ब्रेड आणायचा, अंडं दूध साखर फेटायचं, त्यात स्लाइस बुडवून तुपात भाजायचे. तूप आई द्यायची, पण वाटीत वरून ओतून, तिचा चमचा बाबांच्या वाटीला लागू न देता. आम्ही भावंडं उंबऱ्यावर बसून खायचो. ह्याला आमच्या घरात फ्रेंच टोस्ट वगैरे कुणी म्हणत नव्हतं, "अंड्यातला पाव" एवढंच. मधे तो ओलाच असायचा खरं तर, पण तुपात भाजलेल्या साखरेचा आणि अंड्याचा तो वास मला अजून आठवतो, आणि आई आत चहा गाळत उभी असायची तिलाही तो येत असणारच.

बाबा गेल्यावर ती तवी कुठे गेली कुणाला माहीत नाही. मी पुन्हा हा प्रकार करायला लागलो तो लेक सहा वर्षांची झाल्यावर, तिला कुठेतरी वाढदिवसाला मिळाला होता आणि "बाबा आपण घरी करूया ना" सुरू झालं. पहिल्यांदा केला तेव्हा आणलेल्या ताज्या ब्रेडचे स्लाइस मिश्रणात टाकले आणि उचलताना दोन तुकडे होऊन खालीच पडले, जे उचलले गेले ते मधे कच्चे राहिले आणि लेकीनं कडा कडा खाऊन बाकीचं तसंच ठेवलं. तेव्हा मला वाटलं की हे नीट समजून घेतलं पाहिजे, बाबांच्या पावातसुद्धा तोच ओलेपणा होता म्हणजे काहीतरी आम्हा दोघांचं एकाच ठिकाणी चुकत होतं.

वाचायला लागलो तर उत्तर नावातच होतं. फ्रान्समध्ये ह्याला पँ पेर्द्यू म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव, हरवलेला पाव म्हणा हवं तर. कडक होऊन गेलेला, कुणी खाणार नाही असा पाव दुधाअंड्यात भिजवून परत खाण्यात आणायचा, त्यासाठीच हा पदार्थ जन्माला आलाय. आणि फ्रेंचांनीच शोधला असंही नाही. अपिशियसच्या नावावर जो प्राचीन रोमन पाककृतींचा संग्रह आहे त्यात पांढऱ्या पावाची साल काढून मोठे तुकडे करायचे, दुधात भिजवायचे, तळायचे आणि वर मध ओतायचा अशी सरळ कृती आहे. जर्मनीत ह्याला आर्मं रिटर म्हणतात, गरीब सरदार. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात तोरिखास करतात, पोर्तुगालमध्ये ख्रिसमसला रबानादास, दोन्ही ह्याच कुळातले. इंग्रजीत फ्रेंच टोस्ट हे नाव १६६० साली रॉबर्ट मे नावाच्या इंग्लिश आचाऱ्याच्या पुस्तकात छापलेलं सापडतं आणि गंमत म्हणजे त्या कृतीत अंडंच नाही, भाजलेला पाव वाइनमध्ये भिजवून साखर आणि संत्र्याचा रस. हे नाव इतकं चिकटलं की २००३ साली इराक युद्धाला फ्रान्सनं विरोध केला म्हणून अमेरिकन संसदेच्या कँटीनमध्ये ह्याचं नाव फ्रीडम टोस्ट केलं होतं, तीनेक वर्षांत परत जुनं नाव आलं.

हे सगळं वाचताना मला सारखी फोडणीची पोळी आठवत होती. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करून, कांदा मिरची मोहरी हळदीत परतून वर लिंबू, किंवा गूळतूप घालून मलिद्याचा लाडू. ताज्या पोळीची फोडणीची पोळी करून बघा, लगदा होतो, चवच येत नाही. शिळेपणा हा त्या पदार्थाचा घटक आहे, मोहरीइतकाच. आईला शेवटी मी हेच सांगितलं, की हा ब्रेड म्हणजे तुझी फोडणीची पोळी आहे असं समज, आणि त्या दिवसापासून रात्री स्लाइस पिशवीत परत गेले नाहीत.

तर ब्रेड. पातळ कापलेला सँडविच ब्रेड चालतो पण खरी मजा जाड स्लाइसमध्ये आहे. आमच्या जवळच्या बेकरीत न कापलेला मिल्क ब्रेड मागितला तर देतात, तो आणून घरी दातेरी सुरीनं साधारण दोन सेंटिमीटर जाडीचे स्लाइस करायचे. अगदीच भुसभुशीत, हातात दाबला तर लगेच चपटा होणारा ब्रेड नको. लादी पावाचे आडवे दोन भाग करूनही मी करून बघितलंय, चांगलं होतं, फक्त त्याची एक बाजू उघडी आणि एक बाजू सालीची असते त्यामुळे सालीच्या बाजूनं दूध आत जायला वेळ लागतो, उघडी बाजू आधी खाली ठेवायची.

एक गोष्ट मला उशिरा कळली, ब्रेड शिळा होणं आणि ब्रेड वाळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिळा होताना त्यातला स्टार्च परत घट्ट रचनेत बसायला लागतो म्हणून ब्रेड ताठ होतो, पिशवी बंद असली तरी होतो, आणि फ्रिजच्या गारठ्यात तर हे फार लवकर होतं, म्हणून फ्रिजमधला ब्रेड असा चामट लागतो. वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं. आपल्याला दोन्ही पाहिजे, ताठपणा पाहिजे म्हणजे भिजल्यावर तुटणार नाही आणि कोरडेपणा पाहिजे म्हणजे दूध प्यायला आत जागा असेल. म्हणून रात्रभर उघडा.

पण पावसाळ्यात हे करू नका. जून ते सप्टेंबर आमच्याकडे ठाण्यात हवेतच एवढी ओल असते की रात्रभर उघडा ठेवलेला ब्रेड वाळायच्या ऐवजी सादळतो आणि दोन दिवसांचा असेल तर हिरवे ठिपके सुद्धा दिसायला लागतात. त्या दिवसांत मी सकाळी ओव्हन १२० डिग्रीला लावून स्लाइस दहा मिनिटं आत ठेवतो, मधे एकदा उलटतो. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त हाताला कोरडा लागला पाहिजे. ओव्हन नसेल तर तवा मंद आचेवर ठेवून, कोरडाच, दोन्ही बाजूंनी तीन तीन मिनिटं. तेही जमतं.

आता मिश्रण. सहा जाड स्लाइसना तीन अंडी, १८० मिली दूध, दीड टेबलस्पून साखर, पाव चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा व्हॅनिला इसेन्स आणि मीठ चिमूटभर. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडाला उठाव येत नाही, नारळाच्या वड्यांत नाही का आपण घालत, तसंच. अंड्यामागे साधारण ६० मिली दूध हे माप डोक्यात ठेवलं की किती माणसं आहेत त्याप्रमाणे वाढवता येतं. अंडं जास्त झालं तर आम्लेटचा वास मारतो, दूध जास्त झालं तर मधे जमत नाही, ओघळ राहतो. दूध तापवून पूर्ण गार झालेलं घ्यायचं, गरम दूध ओतलं तर अंडं तिथेच शिजून गाठी होतात. साय असेल तर एक चमचा साय आधी अंड्यातच फेटून घ्या, फार सुरेख लागते, क्रीम विकत आणायची काही गरज नाही.

दालचिनीचं एक आहे, ती दुधात भिजत नाही, वर तरंगत राहते आणि मग पहिल्या स्लाइसला सगळी चिकटते आणि शेवटच्याला काहीच मिळत नाही. ती आधी साखरेत कालवायची, मग ती साखर अंड्यात घालून फेटायची, आणि दूध सगळ्यात शेवटी. तरी थोडी वर येतेच, तर प्रत्येक स्लाइसच्या आधी काट्यानं एकदा ढवळायचं. आणि फेटून झालं की चहाच्या गाळण्यातून गाळून घ्या, अंड्याच्या पांढऱ्या भागाचे जे धागे राहतात तेच तव्यावर पांढरी फुलं होऊन चिकटतात आणि त्यांनाच तो अंड्याचा उग्र वास येतो, माझ्या बायकोला फ्रेंच टोस्ट आवडत नव्हता तो ह्या धाग्यांमुळे, गाळायला लागल्यापासून ती आवडीनं खाते. कधी दालचिनीऐवजी वेलदोडा आणि जायफळ घाला, मग तो वेगळाच, आपला वाटायला लागतो.

भिजवायला खोलगट वाडगं नको, उथळ ताट किंवा केकचा चौकोनी टिन बरा, स्लाइस आडवा पसरून बसला पाहिजे. जाड आणि नीट वाळलेला असेल तर एका बाजूला तीस सेकंद, उलटून परत तीस. पातळ सँडविच ब्रेड असेल तर पाच सात सेकंदांत उचला. उचलून कडेला धरा, दोन चार थेंब निथळू द्या. बोटानं मधे हलकं दाबलं की ओला स्पंज दाबल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि उचलल्यावर मधे वाकला तरी तुटता कामा नये. हे एकदा हाताला कळलं की मग सेकंद मोजावे लागत नाहीत.

तव्याबद्दल मात्र मी थोडा हट्टी आहे. बिडाचा तवा असेल तर तोच काढा, उष्णता धरून ठेवतो. नुसतं बटर टाकलं तर पहिला घाणा सोनेरी होतो आणि दुसऱ्या घाण्याला तव्यावर काळे ठिपके, कारण बटरमधले दुधाचे कण जळतात. नुसतं तूप टाकलं तर जळत नाही पण बटरची ती चव येत नाही. म्हणून अर्धं तूप अर्धं बटर, आणि दोन स्लाइस झाले की तवा कागदानं पुसून परत नवीन. घरात खारं पिवळं बटर असेल तर मिश्रणातलं मीठ घालू नका.

आच मध्यमपेक्षा कमी. इथेच सगळे घाई करतात, मीही करायचो, भूक लागलेली असते, लेक ताटली घेऊन उभी असते. पण बघा, आत जे दूध आणि अंडं शिरलंय ते ८० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत नीट जमत नाही, आणि बाहेरची बाजू मोठ्या आचेवर दीड मिनिटात करपते, मग आत पोचायला वेळच मिळत नाही. बाबांच्या स्टोव्हचं हेच होत असणार, पंप मारलेला स्टोव्ह मंद करणं म्हणजे कसरतच. तर मंद आच, एका बाजूला तीन ते चार मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही, कालथ्यानं दाबायचं तर अजिबात नाही, दाबलं की आतलं सगळं बाहेर येऊन तव्यावर आम्लेट होतं. कडा सुकल्यासारख्या दिसल्या आणि खालून खरपूस वास आला की उलटा. दुसरी बाजू तीन मिनिटं. झाला का ते बघायला मधोमध बोट टेकवा, फुगून किंचित परत वर आलं तर झाला, खड्डा तसाच राहिला तर अजून एक मिनिट. मग कडा उभ्या धरून चारी बाजू दहा दहा सेकंद टेकवायच्या, हे कुणी करत नाही पण जाड स्लाइसच्या कडा ओल्या राहतात त्या सुटतात. सगळ्यांचे एकदम वाढायचे असतील तर झालेले ओव्हनमध्ये १०० डिग्रीला जाळीवर ठेवा, ताटलीत एकावर एक रचले की वाफेनं सगळे मऊ पडतात.

वर काय घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मेपल सिरप फार छान लागतं पण खरं मेपल सिरप इथे महाग, आणि ते महाग का ते कळल्यावर मला त्याबद्दल तक्रार राहिली नाही, मेपलच्या झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा कुठे एक लिटर सिरप मिळतं. स्वस्त बाटल्यांवर बारीक अक्षरं वाचा, बऱ्याचदा साखरेच्या पाकाला मेपलचा वास लावलेला असतो. त्यापेक्षा मी काकवी घेतो. आमच्याकडे कोल्हापूरहून गुऱ्हाळाच्या दिवसांत येते, तोही रस आटवूनच केलेला, उसाचा, तिला जरा खारट तुरट अंग असतं आणि बटरवर ती काय लागते हे लिहून सांगता येणार नाही. दोन चमचे काकवी, वर अर्ध्या लिंबाचे थेंब. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की चिरून थोड्या साखरेत अर्धा तास ठेवायची, तिचंच पाणी सुटतं, तेच सिरप. लेकीला केळ्याचे काप लागतात, बारा महिने.

आणि आता आई. आई गेली तीन वर्षं आमच्याकडे आहे, आणि दर रविवारी सगळे टेबलावर बसून हे खाणार आणि ती तिचे पोहे घेऊन शेजारी, मला ते फार लागायचं. तिनं कधी काही म्हटलं नाही. मग मी बिनअंड्याचा करायचं ठरवलं. कस्टर्ड पावडर सगळ्यांना माहिती असते, फ्रूट सॅलड आपण त्याचंच करतो, पण ती मुळात का निघाली हे मला तेव्हाच कळलं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ साली ती तयार केली कारण त्याच्या बायकोला अंडं चालायचं नाही आणि तिला कस्टर्ड तर आवडायचं. घरातल्या एका माणसाला ताटातलं खाता येत नाही म्हणून त्यानं ती खटपट केली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

माप असं, २५० मिली गार दूध, दोन टेबलस्पून व्हॅनिला कस्टर्ड पावडर, एक टेबलस्पून साखर, वेलदोडा, मीठ. हे गॅसवर शिजवायचं नाही, कच्चंच ठेवायचं, ब्रेडमध्ये शिरलं की तव्यावर आतच शिजतं. पावडर तळाशी बसते, प्रत्येक वेळी खालून ढवळून मगच स्लाइस बुडवा नाहीतर नुसत्या दुधात भिजतो. हा अंड्याच्या टोस्टपेक्षा जास्त तापावा लागतो, म्हणून आधी दोन मिनिटं झाकण ठेवून आणि मग उघडा, म्हणजे वाफेनं आत शिजतो आणि नंतर बाहेरून खरपूस होतो. तवा आईचा, पोळ्यांचा, वेगळा. कालथा वेगळा. आणि तो सगळ्यात आधी करायचा, अंडी फ्रिजमधून बाहेर यायच्या आधी, ओटा स्वच्छ असताना.

पहिल्या रविवारी केला तेव्हा तूप तीच द्यायला आली. मी वाटी पुढे केली तर वरून ओतायला लागली, सवयीनं, मग थांबली आणि चमचाच वाटीत ठेवून दिला. टेबलावर बसली, काकवी घातली नाही, आधी नुसताच एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"ह्याचा वास माहितीये मला," ती म्हणाली.

मग काकवी घालून उरलेला संपवला, आणि ताटली पुढे करून म्हणाली की दुसरा कर, साखर जरा कमी घाल, ह्यांना पण एवढी गोडी लागायची.